हत्ती नंतर बघा, आधी त्याच्या डोक्यावरचं वाचा

प्राण्यांची नाणी जमवायला सुरुवात केली की सगळे पहिल्यांदा हत्तीवरच भाळतात, आणि आपल्याकडे ते साहजिकच आहे कारण महाराष्ट्रात सातवाहनांची नाणी भरपूर सापडतात आणि त्यांच्यावर हत्ती असतोच, सिंह, घोडा, बैलही असतात पण हत्तीचा मान पहिला. अडचण अशी की नुसत्या हत्तीवरून काही ठरत नाही. तक्षशिलेच्या तांब्याच्या नाण्यांवरही हत्ती आहे, चांदीच्या आहत नाण्यांवर (म्हणजे छोटे छोटे ठसे मारून बनवलेली जुनी नाणी) छोट्या ठशात आहे, म्हणून मी आधी नाणं उलटं करतो. मागे अधिकच्या चिन्हासारखी फुली आणि चारही टोकांना गोळे दिसले, म्हणजे ज्याला उज्जैन चिन्ह म्हणतात ते, आणि पुढे सोंड वर केलेला हत्ती असेल तर मग सातवाहन म्हणायला हरकत नाही.

पण कुठला सातवाहन? खरी मजा इथे आहे. हत्तीच्या वर कडेकडेने ब्राह्मीत राजाचं नाव असतं, 'राञो सिरि सातकणिस' (म्हणजे राजा श्री सातकर्णीचं) वगैरे, आणि नाण्याचा तुकडा त्यावर मारलेल्या ठशापेक्षा लहान असल्यामुळे पूर्ण लेख एका नाण्यावर जवळजवळ कधीच येत नाही, कुठे पहिली चार अक्षरं, कुठे शेवटची तीन. १९३९ मध्ये तऱ्हाळ्याला, तेव्हाच्या अकोला आणि आताच्या वाशीम जिल्ह्यात, सुमारे दीड हजार पोटीनची नाणी सापडली (पोटीन म्हणजे तांबं, शिसं, कथील यांचं मिश्रण). बहुतेकांवर तोच हत्ती आणि तेच उज्जैन चिन्ह. इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी त्यांच्यावरचे लेख वाचले आणि कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी पुराणांच्या यादीत नसलेली नावं निघाली!! प्राणी बघून बाजूला ठेवली असती तर हे राजे गायबच राहिले असते.

त्यामुळे ब्राह्मीची थोडी तरी ओळख करून घ्याच, वाटते तेवढी अवघड नाहीये. क म्हणजे सरळ अधिकचं चिन्ह, र म्हणजे उभी रेघ, य त्रिशूळासारखा. एवढ्यावर बरंच निभतं.

बैल आवडत असेल तर कलचुरी घराण्यातल्या कृष्णराजाचं चांदीचं छोटं नाणं शोधा, सहाव्या शतकातलं, एका बाजूला राजाचं तोंड, दुसऱ्या बाजूला बसलेला नंदी आणि भोवती लेख. नाशिकपासून मुंबईकडच्या साष्टीपर्यंत सापडलेलं आहे. पूर्वी लोक ते राष्ट्रकूट कृष्णाचं समजायचे. गोव्याच्या कदंबांचा सोन्याचा सिंह मला जास्त आवडतो, पण तो काचेपलीकडूनच बघायचा, आपल्या खिशाचं काम नाही.

नकली भरपूर फिरतात. दोन नाण्यांवर छाप अगदी एकाच जागी सरकलेली आणि कडही एकाच ठिकाणी तुटलेली दिसली की दोन्ही ओतीव, म्हणजे एकाच साच्यात ओतलेली नकली, समजून सोडून द्या. कडेला शिवणीसारखी रेघ किंवा पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांची छिद्रं असतील तरी तेच. आणि कृपा करून चिंच-लिंबू लावून घासू नका, वरचा थर गेला की अक्षरंही जातात. शिशाच्या नाण्यांवर पांढरी भुकटी धरते, ती हातात घेतली तर हात धुवा, शिसं विषारी असतं, लाकडी पेटीत तर ठेवूच नका.

कोणी "शेतात सापडलंय, गुपचूप घ्या" म्हणालं तर नको म्हणा. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन कलेक्टरला कळवावं लागतं, आणि १९७२ च्या कायद्यामुळे शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी देशाबाहेर पाठवता येत नाहीत. परदेशातल्या भावाला गिफ्ट वगैरे विसरा.

सध्या माझ्याकडे एक पोटीन आहे, हत्ती एकदम झकास, सोंडेची वळी पण दिसते, आणि वाचता येतं फक्त 'कणिस'. आता सगळे सातकर्णी शेवटी 'कणिस'च! अशाच हत्तीचं आणि नावाचा पुढचा भाग शाबूत असलेलं नाणं कोणाकडे असेल तर फोटो दाखवा, शेजारी ठेवून बघू.