तेरा नंबरचं पत्र

परवा काळी ट्रंक रंगवायला काढली. झाकणावर पांढऱ्या अक्षरांत माझा नंबर, रँक, नाव. त्यावरून ब्रश फिरवायला हात होईना, म्हणून तेवढी जागा सोडून बाकीची रंगवली. आत तळाशी आंतरदेशीय पत्रांचा गठ्ठा. प्रत्येकाच्या कोपऱ्यात आकडा.

आकडे घालायची युक्ती हिची. आमच्या पत्त्यात गाव नसायचंच. नंबर, रँक, नाव, पलटण, मार्फत 56 एपीओ, म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस. पूर्वेकडं बदली झाली की 99. आई सगळ्यांना सांगायची, "पोरगा छप्पन्नला असतो."

1996 च्या हिवाळ्यात आम्ही द्रासच्या बाजूला होतो. साडेअकरा हजार फुटांवरची झोजिला खिंड बर्फानं बंद झाली की रस्त्यानं येणारी डाक थांबायची. मग हवा मोकळी असेल तेव्हा हेलिकॉप्टरनं येईल तेवढी. संध्याकाळी रोलकॉलला आधी हजेरी, मग उद्याच्या ड्युट्या आणि अगदी शेवटी चिठ्ठ्या. आधी वाटल्या असत्या तर ड्युट्या ऐकल्या कुणी असत्या?

बारानंतर एकदम चौदा नंबर आलं. पहिलीच ओळ : "तेराव्यात लिहिल्याप्रमाणे करून टाकलं. रागावू नका." पुढं धाकट्याचा खोकला, विहिरीचं पाणी, चुलत्यांची बांधावरची भांडणं. काय करून टाकलं, ते कुठंच नाही!

दोन तास पहारा, चार तास आराम. पहाऱ्याच्या त्या दोन तासांत मी जमीन गहाण टाकून पाहिली, हिच्या पाटल्या मोडल्या, थोरलीचं लग्नसुद्धा ठरवून टाकलं. थोरली तेव्हा सहा वर्षांची. बंकरात बुखारीच्या शेगडीभोवती सगळ्यांचे मोजे वाळत असायचे, तिथं ते पत्र हातोहात फिरलं. एक नाईक ठामपणे म्हणाला, "रागावू नका लिहिलंय ना? मग पैशाचंच काहीतरी आहे."

मी लगेच विचारलं, पण हिचं पंधरावं आलं ते माझं पत्र पोचायच्या आधी टाकलेलं. त्यात वैरणीचा खर्च वाचल्याचं होतं. तेवढ्यावरून मला कळायला हवं होतं, पण डोकं पाटल्यांवरच अडकलेलं.

मार्चमध्ये रजा मिळाली. लेहहून फौजेच्या कुरियर विमानानं चंदीगड, पुढं रेल्वे. घरी पोचलो, पाय धुतले आणि सवयीनं गोठ्याकडं वळलो. दावं खुंटीला टांगलेलं. म्हैस नाही.

"कळवलं होतं की," ही चुलीपुढूनच म्हणाली.

रजा संपत आली तेव्हा पोस्टमन आला. तेरा नंबर! मागं पलटणीत पोचलं होतं. तिथल्या क्लार्कनं पत्ता खोडून घरचा घातलेला. ते हिच्याच हातात पडलं. तिनं न उघडता माझ्यापुढं धरलं. मी कडा फाडली, घसा साफ केला.

"हळू वाचा," ती कुजबुजली. "आईंना मी आकडा कमी सांगितलाय."