सकाळची थरथर: पी०३०२ चा झाला पी०३०४!

मागच्या अपडेटमध्ये सांगितलं होतं, गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळच्या पहिल्या स्टार्टला अर्धा मिनिट अशी थरथरते की स्टिअरिंग हातात नाचतं, मग आपोआप शांत, दिवसभर काही नाही. आधी इंजिन फाउंडेशनवर (इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं ते) संशय होता, पण ते गेलं असतं तर थरथर अशी अर्ध्या मिनिटात थांबली नसती, आणि इथे आरपीएमचा काटाही वरखाली होतो, म्हणजे इंजिनच मिसिंग करतंय, एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाहीये.

स्कॅनरवर कोड पी०३०२, म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर मिसिंग करतोय. दोष पार्टबरोबर सरकतो का बघायला दोनची कॉईल (प्लगला ठिणगीसाठी करंट देणारी) तीनला लावली, दुसऱ्या दिवशी परत ०३०२. मग प्लगची अदलाबदल, परत तेच. एका वेळी एकच पार्ट हलवायचा आणि रात्रभर थांबायचं, दिवस जातात पण इलाज नाही, गरम इंजिनवर हा आजार दिसतच नाही.

मग एका सकाळी स्टार्टर न मारताच चारही प्लग काढले. बाकीचे तीन कोरडे, दोनचा ओलाचिंब आणि पेट्रोलचा वास! खूप हायसं वाटलं, कारण मनात हेड गॅस्केटची (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) धास्ती होती, कूलंट रात्री सिलिंडरमध्ये झिरपलं तरी सकाळी अशीच थरथर होते. पण कूलंटची लेव्हल महिनाभर हललेली नाही. म्हणजे दोनचा इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा) नीट बंद होत नाहीये, गाडी बंद केल्यावर रेलमध्ये (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी) उरलेल्या प्रेशरने थेंबथेंब गळतोय आणि सकाळी त्या सिलिंडरला मिक्श्चर इतकं रिच (पेट्रोल जास्त, हवा कमी) मिळतं की ठिणगी पडूनही पेटत नाही.

खात्रीसाठी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवलं, पूर्ण गार होऊ दिलं, बॅटरीची निगेटिव्ह काढली, मग रेल उचलली (तरी थोडं पेट्रोल सांडतंच, खाली कापड ठेवा). दोन आणि चारच्या इंजेक्टरची अदलाबदल केली, ओ-रिंग नव्या, त्यांना ऑइलचं बोट लावून. आज सकाळी पी०३०४, म्हणजे दोष इंजेक्टरबरोबर चार नंबरवर गेला! थरथर तशीच, पण मी आनंदाने ओरडलोच.

आता तो इंजेक्टर अल्ट्रासोनिक क्लीनिंगला देतोय, कचरा अडकला असेल तर सुटेल, आतली सीट (इंजेक्टर बंद होताना टेकतो ती जागा) झिजली असेल तर नवाच घ्यावा लागेल. कोणी फक्त रेलचं प्रेशर गेजवर पडताना बघून इंजेक्टर बदलणार असाल तर थांबा, पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे परतू न देणारी झडप) गेला तरी प्रेशर तसंच पडतं.