एका हाताचा प्रवास

निघायला बारा दिवस उरले असताना माझं उजवं मनगट मोडलं. कोपरापासून बोटांच्या मुळापर्यंत प्लास्टर, आणि तिकिटं तर कधीचीच काढून ठेवलेली. घरच्यांचं म्हणणं होतं, पुढच्या वर्षी जा. मी गेले. रात्रभराची रेल्वे, मग पाच तासांची बस, मग डोंगरातली पायवाट. डोंगर सुंदर होता, पण त्याच्याबद्दल पुन्हा कधीतरी. आज लिहायचंय ते वाटेत भेटलेल्या माणसांबद्दल. त्यांची नावं मला ठाऊक नाहीत.

हात जायबंदी झाल्याशिवाय कळत नाही की दिवसभरात किती गोष्टींना दोन हात लागतात. गाडी सुटल्यावर पाण्याची बाटली मांडीत दाबून डाव्या हाताने झाकण फिरवत बसले होते. समोरच्या मुलाने काही न विचारता हात पुढे केला, झाकण उघडलं आणि परत देताना ते पुन्हा हलकेच, अर्धा आटा फिरवून बसवलं. गाडीच्या हिसक्याने पाणी सांडू नये आणि पुढच्या वेळी मला एका हाताने उघडताही यावं, एवढा विचार त्या अर्ध्या आट्यात होता. उघडून कुणीही दिली असती. हलकी बंद करून देणारा मला पहिल्यांदाच भेटला.

माझा बर्थ वरचा होता. तोच मुलगा म्हणाला, "काकू, तुम्ही खाली झोपा. मला वरच झोप लागते." मी विश्वास ठेवला. रात्री दोनच्या सुमारास जाग आली, तेव्हा त्याचे दोन्ही पाय पोटऱ्यांपर्यंत बर्थच्या बाहेर आले होते. चांगला सहा फुटी मुलगा. येणाऱ्या-जाणाऱ्याचं डोकं आपटू नये म्हणून तो झोपेतसुद्धा ते आत ओढून घेत होता.

सकाळी उतरले ते मोठ्या जंक्शनवर. गर्दीला वाट देत एका खांबापाशी उभी राहिले आणि बॅग खाली ठेवली. झाडू मारणारे एक काका जवळ आले, बॅग उचलून हातभर अलीकडे ठेवली आणि म्हणाले, "ताई, ही वाट आहे." आवाजात रागाचा लवलेशही नव्हता. मी खाली पाहिलं. उंचवट्यांच्या पिवळ्या फरश्यांची पट्टी. दोनेक मिनिटांत एक गृहस्थ पांढरी काठी टेकवत त्याच पट्टीवरून आले आणि माझी बॅग जिथे होती तिथून सरळ पुढे गेले. त्यांच्यासाठी तिथे कधी बॅग नव्हतीच.

या फरश्या जपानच्या सेइइची मियाके यांनी 1965 मध्ये शोधून काढल्या. 1967 मध्ये ओकायामा शहरात अंधांच्या शाळेजवळच्या रस्त्यावर त्या पहिल्यांदा बसवल्या गेल्या. लांबट रेघा म्हणजे चालत राहा, गोल ठिपके म्हणजे सावध, थांबा. हे मला माहीत होतं. माहीत असूनही बॅग मी तिथेच ठेवली होती, आणि ती उचलली ती रोज त्या फरश्या झाडणाऱ्या माणसाने.

आता जे सांगणार आहे ते सांगताना अजूनही वाईट वाटतं. बस सुटायला चार-पाच मिनिटं होती. स्टँडवर माझ्या पुढे चालणाऱ्या एका आजींच्या गाठोड्याची गाठ सुटली आणि कपडे फरशीवर पसरले. मी बाजूने निघून गेले. हात मोडलाय, मी काय उचलणार, असं मनाशी म्हटलं. पण डावा हात होता की. उचलता आलं नसतं तरी थांबता आलं असतं.

खिडकीपाशी बसल्यावर आठवलं. मी मानसशास्त्र शिकवते. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांचा 1973 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग वर्गात कितीतरी वर्षं सांगत आलेय. प्रिन्स्टनमधल्या धर्मशिक्षण घेणाऱ्या 40 विद्यार्थ्यांना भाषण द्यायला एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत पाठवलं. वाटेत एक माणूस खोकत, कण्हत पडलेला. काहींचा विषय तर वाटेतल्या जखमीला मदत करणाऱ्या परोपकारी माणसाची बायबलमधली गोष्ट, हाच होता. विषयाने फारसा फरक पडला नाही, फरक पडला तो घाईने. ज्यांना वेळ होता त्यांच्यापैकी 63 टक्के थांबले. ज्यांना उशीर झालाय असं सांगितलं होतं, त्यांच्यातले फक्त 10 टक्के. हा आकडा मी इतक्या वेळा फळ्यावर लिहिलाय, आणि त्या नव्वदांत त्या दिवशी मी होते.

बस हलली नाही. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं होतं, वेळ टळून गेली होती, मागून दोघे-तिघे कुरकुरायला लागले होते. पण कंडक्टर बेल देईना. दारातून मान बाहेर काढून तो ओरडला, "आजी, सावकाश या, गाडी तुम्हाला सोडून जात नाही!" मग स्वतःच खाली उतरला आणि गाठोडं घेऊन आला. अख्ख्या स्टँडवर सगळ्यात जास्त घाई कुणाला असेल तर त्याला. प्रयोगातला दहावा भाग म्हणजे कोण, हे मला त्या दिवशी चेहऱ्यासकट दिसलं. आजी माझ्याच शेजारी बसल्या. पाच तासांत त्यांनी दोनदा माझ्या घसरणाऱ्या ओढणीचं टोक खांद्यावर नीट करून दिलं. मी त्यांना टाळून पुढे गेले होते हे त्यांनी पाहिलं असेल का, ते विचारायचं धाडस माझ्याकडून झालं नाही.

डोंगरावर चढताना त्रास नव्हता. उतरताना मात्र दरी माझ्या उजव्या बाजूला, म्हणजे मोडक्या हाताकडे आली. पायऱ्या झिजलेल्या, ओल्या. मागून येणारे साठीतले एक काका मला ओलांडून जाण्याऐवजी उजव्या बाजूला आले आणि माझ्या चालीने चालायला लागले. त्यांच्या गुडघ्यांबद्दल सांगत होते. उतार म्हटला की गुडघे कुरकुरतात, हळूच जावं लागतं, बरं झालं तुम्ही सोबत भेटलात. जवळपास अर्धा तास मी त्यांना धीर देत उतरले. सपाटी लागली तसा त्यांनी हात हलवला आणि तरुण माणसाच्या चालीने ताडताड निघून गेले.

वरच झोप लागते म्हणणारा मुलगा आणि हे काका एकाच जातकुळीचे. दोघांनीही केलेलं असं झाकलं, की मला ओशाळं व्हायला जागाच ठेवली नाही. आभार मानायलाही नाही, आणि हीच गोष्ट मला परतीच्या वाटेवर टोचत राहिली. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी 2022 मध्ये मांडलेलं एक निरीक्षण आहे: छोटीशी चांगली गोष्ट करणारा माणूस समोरच्याला किती बरं वाटेल याचा अंदाज सहसा कमीच बांधतो. आपण काय मोठं केलं, असं त्याला वाटतं. मग त्याला कुणीतरी सांगायला नको?

परतताना तेच जंक्शन लागलं. हातात चाळीस मिनिटं होती. झाडूवाल्या काकांना शोधत प्लॅटफॉर्मच्या दोन्ही टोकांपर्यंत जाऊन आले. त्या दिवशी तिथे एक बाई झाडत होत्या. मी खाणाखुणा सांगितल्या. ते होय, त्यांची रात्रपाळी आहे, म्हणाल्या.

"माझा एक निरोप सांगाल? त्यांनी माझी बॅग पिवळ्या पट्टीवरून उचलून बाजूला ठेवली होती, मागच्या आठवड्यात. त्यांना म्हणावं, त्या बाई आभार मानायला आल्या होत्या."

त्या झाडूवर रेलून हसल्या. "अहो ताई, दिवसाला वीस बॅगा उचलतो तो. तुमची कुठली, त्याला कसं कळणार?"

"तरी सांगा."

त्यांनी माझ्या प्लास्टरकडे पाहिलं. "हात मोडलेल्या बाई, असं सांगते," म्हणाल्या, आणि पट्टीवरची धूळ झाडत पुढे गेल्या.