सागरगोट्यांनी खेळा ओवारे

सागरगोटे आपल्याकडे वर उडवून झेलतात. पश्चिम आफ्रिकेत त्याच करड्या, टणक बिया लाकडी पाटावरच्या खळग्यांत पेरतात. घानात या खेळाला ओवारे म्हणतात, आयव्हरी कोस्टमध्ये आवाले, नायजेरियातल्या योरुबा लोकांत आयो. गुलाम म्हणून जहाजांत कोंबून नेलेल्या माणसांबरोबर तो कॅरिबियन बेटांवर पोचला आणि अँटिग्वा, बार्बाडोसमध्ये ‘वारी’ या नावाने टिकून राहिला. सागरगोट्याचा काटेरी वेल समुद्रकाठचा, बी पाण्यावर तरंगणारं, त्यामुळे कोकणात आणि तिकडे एकच बी सापडतं यात नवल नाही.

बिया 48 लागतात. काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात. तिथे औषधासाठी फोडलेल्या किंवा भाजलेल्याही असतात, म्हणून अखंड मागायच्या आणि साठेक घ्यायच्या, कारण काही तडकलेल्या निघतातच. पाण्यात टाकून पारख करू नका, चांगलं बीसुद्धा तरंगतं. चिंचोक्यांवर काम भागतं, पण ते चपटे असल्याने एकाखाली एक लपतात आणि खळग्यात किती आहेत हे नजरेने कळत नाही. या खेळात नजरेनेच तर मोजायचं असतं. गुंजा मात्र नकोतच. बारीकही आणि विषारीही. घरात रांगतं मूल असेल तर सागरगोटेही डब्यात बंद.

पाटावर सहा-सहा खळग्यांच्या, म्हणजे घरांच्या, दोन ओळी, आणि जिंकलेल्या बिया ठेवायला दोन टोकांना दोन मोठी घरं. अंड्यांचा डझनाचा खोका शिकण्यापुरता ठीक. पाच-सहा सागरगोट्यांतच त्याचं घर भरतं आणि खेळाची खरी गंमत त्यानंतर सुरू होते. त्यापेक्षा बारा वाट्या जाड सतरंजीवर मांडा. सुताराकडून करून घेणार असाल तर प्रत्येक घर 8 सेंटीमीटर रुंद, 4 खोल आणि तळाला वाटीसारखं गोल सांगा. उभ्या कडांच्या घरातून बिया मुठीत येत नाहीत, एखादी मागे राहते आणि पुढचा सगळा हिशोब चुकतो.

सुरुवातीला प्रत्येक घरात 4 बिया. आपल्या बाजूची घरं डावीकडून 1 ते 6 धरा; समोरचाही त्याच्या डावीकडून तशीच मोजतो. आपल्या एका घरातल्या सगळ्या बिया उचलायच्या आणि घड्याळाच्या उलट दिशेने पुढच्या प्रत्येक घरात एकेक टाकत जायचं. दोन टोकांच्या मोठ्या घरांत पेरायचं नाही. शेवटची बी समोरच्याच्या घरात पडून तिथे 2 किंवा 3 झाल्या, तर त्या तुमच्या. मग एक घर मागे पाहायचं. तेही समोरच्याचं असेल आणि त्यातही 2 किंवा 3 असतील तर तेही उचला. साखळी तुटली की थांबा. समजा तुमच्या 4 क्रमांकात 4 बिया आहेत. त्या तुमच्या 5 आणि 6 मध्ये आणि समोरच्याच्या 1 आणि 2 मध्ये पडतील. त्याच्या 2 मध्ये आधी एक बी होती, तिथे दोन झाल्या; 1 मध्ये दोन होत्या, तिथे तीन. एकूण 5 बिया मिळाल्या. 1 मध्ये आधी तीन असत्या तर चार झाल्या असत्या आणि फक्त दोनवर समाधान मानावं लागलं असतं. म्हणजे ज्या घरात एक-दोन बिया आहेत ते धोक्यात, हे दोघांनाही लागू.

नवखे सगळ्यात जास्त चुकतात ते भरलेल्या घराशी. 12 किंवा जास्त बिया उचलल्या की फेरी पूर्ण होऊन आपण निघालेल्या घराशी परत येतो. ते घर वगळून पुढे जायचं. हे विसरलं तर शेवटची बी एक घर अलीकडे पडते आणि हातातली कमाई जाते. हिशोब बघा: तुमच्या 6 क्रमांकात 16 बिया साठल्या आहेत आणि समोरच्याची 1 ते 5 घरं रिकामी आहेत. पहिल्या सहा बिया त्याच्याकडे, पुढच्या पाच तुमच्याकडे, तुमचं 6 वगळून उरलेल्या पाच पुन्हा त्याच्या 1 ते 5 मध्ये. पाचही घरांत दोन-दोन, एका चालीत 10 बिया! म्हणून 6 क्रमांकात साठा करायचा. समोरच्याने तो ओळखला की तो आपली घरं भरलेली ठेवतो, तुम्ही इतर घरांतल्या किरकोळ चालींवर वेळ काढत राहता. त्या चाली आधी कोणाच्या संपतात यावर बरेच डाव ठरतात.

समोरच्याला उपाशी ठेवता येत नाही, हा नियम मला सगळ्यात आवडतो. त्याच्याकडे एकही बी उरली नसेल तर त्याच्या बाजूला बी पोचेल अशीच चाल करावी लागते. तशी चाल नसेलच तर डाव संपला, पाटावरच्या बिया तुमच्या. आणि त्याच्या सगळ्याच बिया एका फटक्यात उचलल्या जाणार असतील तर? स्पर्धांमध्ये बहुधा ती चाल चालते, पण बिया जागच्या जागी राहतात. काही ठिकाणी याचे वेगळे नियम आहेत, तेव्हा खेळायला बसतानाच ठरवून घ्या. डाव रंगल्यावर ठरवायला गेलात तर भांडण नक्की.

25 बिया झाल्या की जिंकलात. शेवटी दोन-चार बिया एकमेकांमागे गोल फिरत राहिल्या तर दोघांच्या संमतीने थांबायचं, आणि ज्याच्या बाजूला ज्या आहेत त्या त्याच्या. 24-24 म्हणजे बरोबरी. आवारी नावाचा याचाच एक प्रकार ॲमस्टरडॅमच्या हेन्री बाल आणि जॉन रोमाइन या संगणकशास्त्रज्ञांनी 2002 मध्ये संगणकावर पूर्ण सोडवला. सुमारे 88,900 कोटी मांडण्या तपासल्यावर उत्तर आलं की दोघेही अचूक खेळले तर बरोबरीच होते. तेव्हा पहिली चाल कोणाची यावरून भांडायला जागा नाही.