पाटाखालचं वजन

नववीत असताना आमच्या विज्ञानाच्या बाई एके दिवशी घरून जेवायचा पाट घेऊन आल्या. पाटाच्या खाली मधोमध मेणाने काहीतरी चिकटवलेलं होतं. वाकून बघायची बंदी. एका बाजूने गोट्या सोडायच्या आणि त्या कुठून बाहेर येतात तेवढं सांगायचं. पहिल्या आठ-दहा गोट्या सरळ पलीकडे गेल्या, एक तिरकी निघाली. माझी मात्र टक्‌ आवाज करून माझ्याच गुडघ्याशी परत आली. अख्खा वर्ग ओरडला.

"१९०९ मध्ये मँचेस्टरला गायगर आणि मार्सडेन यांनी हेच पाहिलं," बाई म्हणाल्या. थॉमसन यांनी १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन शोधला, त्यानंतर अणू म्हणजे रव्याचा लाडू आणि इलेक्ट्रॉन त्यातले बेदाणे, अशी कल्पना होती. गायगर-मार्सडेन यांनी धातूच्या पातळ वर्खावर अल्फा कण, म्हणजे किरणोत्सारी पदार्थातून सुटणारे धनभारित कण, सोडले. लाडवासारख्या अणूंतून ते वेगवान कण आरपार जायला हवेत. जातही होते. पण सुमारे आठ हजारांत एखादा उलटा फिरत होता. त्या दोघांचे प्रमुख रदरफोर्ड यांनी त्या एकाला चूक म्हणून सोडून दिलं नाही. १९११ मध्ये त्यांनी सांगितलं, अणूचं जवळजवळ सगळं वस्तुमान मधल्या इवल्याशा केंद्रकात आहे.

मग बाईंनी पाट उलटा केला. शंभर ग्रॅमचं लोखंडी वजन! "खऱ्या अणूत ते इतकं मोठं नसतं हं. सोन्याचा अणू शिवाजी पार्काएवढा फुगवलात, तर त्याचं केंद्रक तुमच्या हातातल्या गोटीएवढं भरेल."

मी झवेरी बाजारात कारागीर आहे. मूस तापवणं, एरणीवर ठोकून पत्रा काढणं, हेच रोजचं काम. सोन्यासारखं जड आणि भरीव हाताला दुसरं काही लागत नाही, आणि तेच आतून बहुतेक मोकळं आहे, हे आठवलं की आजही हातोडी क्षणभर थांबते.

बाई कणादांचं नाव आदराने घेत. पण तर्काने सुचलेला परमाणू वेगळा आणि तराजूवर सापडलेला अणू वेगळा, हेही बजावत. डाल्टन त्यांचे विशेष लाडके, कारण ते शाळामास्तर होते. १२ ग्रॅम कार्बन एका वायूत १६ ग्रॅम ऑक्सिजन घेतो, दुसऱ्यात बरोबर ३२, मधलं काही नाही. असल्या हिशोबांतून त्यांनी अणू मांडला. वजनकाट्याशी रोजचा संबंध असल्यामुळे मला हा भाग आजही सगळ्यात सुंदर वाटतो.

एका मैत्रिणीने विचारलं, "बाई, फिरणारा इलेक्ट्रॉन केंद्रकावर कोसळत का नाही?" बाईंचा चेहरा उजळला. "हाच प्रश्न बोर यांना पडला होता!" पुढच्या तासाला १९१३ चा अणू आला, कक्षांसह. प्रत्येक नवा अणू कार्डशीटवर काढून त्या भिंतीला लावायच्या, आधीचा कधी उतरवायच्या नाहीत. आम्ही दहावीत गेलो तोवर रांग चॅडविक यांच्या १९३२ च्या न्यूट्रॉनपर्यंत, दाराच्या चौकटीला टेकली होती. डाल्टन यांचा भरीव गोळा अजून पहिल्याच जागी होता.