आमची वाटचाल : एका फेसिंग मशिनपासून

वडिलांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात भाड्याच्या गाळ्यात हेड फेसिंगचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचा (हेडचा) खालचा पृष्ठभाग सपाट करायचं, एक जुनं मशिन टाकलं. आज चार मशिनं आहेत. मधली वर्षं कामात गेली. सांगायचाय तो एक पावसाळा, ज्यात गाळ्याला कुलूप लागायची वेळ आली होती.

एका पुरवठादाराने सांगितलं, आता सगळ्या गाड्यांना हेड आणि ब्लॉकच्या मध्ये एमएलएस (स्टीलच्या अनेक थरांचं) गॅस्केट घाला. त्यात तथ्य होतं. तापल्यावर ॲल्युमिनियमचं हेड खालच्या बिडाच्या ब्लॉकच्या जवळजवळ दुपटीने पसरतं. फूटभर हेडला 80 अंशांत सुमारे पाव मिलीमीटर फरक पडतो. गाडी तापली-निवली की हेड गॅस्केटवर सरकतं. दाबलेल्या तंतूंचं साधं कॉम्पोझिट गॅस्केट त्यात झिजून फाटतं, एमएलएस ते सोसतं. पण त्याला पृष्ठभाग फार गुळगुळीत लागतो, फिनिश 0.8 मायक्रॉनच्या आत, हे त्याने सांगितलं नाही. आमच्या मशिनचा दगड ॲल्युमिनियमने भरायचा आणि ओरखडे सोडायचा. ओम्नीची सात हेडं परत आली, सातही फुकट करून दिली.

पलीकडच्या गाळेवाल्याने ते बाजारभर केलं. तो स्वतः बेल्टवर हेड घासून अर्ध्या तासात द्यायचा, कडा उतरायच्या, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. ते अजून मनात आहे.

एक वडापवाले (शेअर प्रवासी गाडी चालवणारे) काका मात्र हलले नाहीत. त्यांच्याच ओम्नीचं हेड दोनदा उघडलं होतं. "हेड उतरलं तर तुझ्याच गाळ्यात," एवढंच म्हणाले. त्यांना तेव्हा कॉम्पोझिट बसवून दिलं. मग कर्ज काढून पीसीडी (कृत्रिम हिऱ्याच्या) कटरचं मशिन आणलं. त्यावर पहिलं हेड त्यांचंच चढलं.

नव्या पोरांना सांगतो, गॅस्केट डबी बघून घेऊ नका, आधी फेस (बसायचा पृष्ठभाग) बघा. हेडवर आणि ब्लॉकवरही पट्टी तिरकी, आडवी, उभी धरा, 0.05 मिलीमीटरचा फिलर (फट मोजायची पातळ पाती) कुठेही शिरला तर काम बाकी आहे. ब्लॉक उतरवून फेस करणं गिऱ्हाइकाला परवडत नसेल, तर चांगलं कॉम्पोझिटच घाला. एमएलएसला शेलॅक (चिकट लेप) फासू नका, त्याचं कोटिंग त्याला पुरतं. आणि अँगलवर (ठरावीक अंश फिरवून) आवळायचे बोल्ट एकदा ताणले की परत वापरायचे नाहीत. गिऱ्हाईक कितीही घासाघीस करो, नवा सेट घ्यायला लावा.