पंप बंद पडला त्या दिवशी

सकाळी साडेनऊला व्हॅक्यूम पंपाने मान टाकली. चेंबरमध्ये आठ सौर सेल पालथे टांगलेले, टंगस्टनच्या तापवायच्या वाटीत ॲल्युमिनियमची तार तयार, आणि दाब काही केल्या उतरेना. पॉलिमर सेलचं दुखणं हेच. पी३एचटी-पीसीबीएमचा, म्हणजे उजेडातून वीज काढणाऱ्या पॉलिमर मिश्रणाचा थर द्रावणातून मिनिटभरात चढतो, पण त्यावर वीज बाहेर काढायला १०० नॅनोमीटर धातू बसवायचा तर तासन्‌तास निर्वात करत बसा.

धातूच्या थराऐवजी आधी सिल्व्हर पेस्टचा ठिपका देऊन पाहिला. काचेमागून बघितलं तर ठिपक्याभोवती जांभळट थर फिकट पडलेला. पेस्टमधल्या सॉल्व्हंटने तो खाल्ला होता. मल्टिमीटरवर १२ ओहम, म्हणजे सरळ शॉर्ट.

मग कपाटातली गॅलियम-इंडियमची कुपी आठवली. वजनाने साधारण ७५ टक्के गॅलियम, बाकी इंडियम. खोलीच्या तापमानाला द्रवच. सिरिंजने थेंब सोडला. पाऱ्यासारखा तो गोळा होऊन पळत नाही, वर ऑक्साइडची पातळ साय धरते, त्यामुळे ठेवला तिथे बसतो. जोडणीसाठी मी सवयीने ॲल्युमिनियमची फॉइल उचलली, तशी शेजारच्या टेबलावरून आरोळी आली, "अरे, भुगा होईल तिचा!" खरंच होता होता वाचलो. गॅलियम ॲल्युमिनियमच्या कणांच्या सीमांतून आत शिरतं आणि धातू बिस्किटासारखा मोडतो. तांब्याची तार घेतली, थेंबात टेकवली, दिवा लावला.

०.५५ व्होल्ट. करंट १.१३ मिलिअँपिअर. थेंब सोडताना मोजलेला व्यास ३ मिलिमीटर. भागाकार केला तर चौरस सेंटिमीटरला १६ मिलिअँपिअर, फिल फॅक्टर (व्होल्ट गुणिले करंटमधला खरोखर हाती लागणारा वाटा) ०.५, कार्यक्षमता ४.४ टक्के. पंपाशिवाय!

आनंद जेवणापर्यंत टिकला. जेवताना १६ हा आकडा घशात अडकला. हा पॉलिमर चांगल्या दिवशी नऊ-दहा देतो, सोळा आणणार कुठून? परत येऊन काच उलटी करून पाहिली. तार टेकवताना थेंब दबून पसरला होता. व्यास ४ मिलिमीटर. क्षेत्रफळ वर्गाने वाढतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. खरा आकडा नऊ, कार्यक्षमता २.५.

तरी वाईट नव्हतं. तोच थेंब सिरिंजमध्ये परत ओढून संध्याकाळपर्यंत आणखी पाच सेल तपासले, दर वेळी खालून फोटो काढून.

फक्त ४.४चा मेसेज मॅडमना मी जेवायच्या आधीच पाठवून बसलो होतो.